हिरवं बटण दाबा

"दहा मिनिटांचं काम आहे, काका! तुम्ही फक्त बघत राहा!" विनीत म्हणाला, आणि डिलाईल रोडच्या अख्ख्या चाळीचं जेवण धोक्यात आलं.

त्या दिवशी चाळीत सत्यनारायणाची पूजा होती. जेवायला कोण कोण येणार हे कळावं म्हणून विनीतने जावास्क्रिप्टमध्ये छोटंसं ॲप केलं होतं. हिरवं बटण 'येणार', लाल बटण 'नाव काढा'. चाळीचे सेक्रेटरी जयवंतकाका चारही मजले फिरून बजावून आले होते, "वाचत बसू नका. हिरवं दाबा!" एकशे बेचाळीस नावं जमली होती. अकराला आकडा विचारून स्वयंपाकाला आलेल्या राधाबाई भात टाकणार होत्या.

पण ऐन सकाळी विनीतला ॲप गावंढळ वाटायला लागलं. त्याने नटवायला एक स्टायलिंग लायब्ररी, म्हणजे रंगरूपाचा तयार संच, जोडली. बटणं गोल झाली, खाली सावली पडली. त्या सावलीवरच स्वारी खूश! चाळीच्या ग्रुपवर टाकलं, "नवीन रूप दाबून बघा!"

आकडा एकशे दहावर आला.

विनीत बावचळला. "रखमाकाकू, तुम्ही येत नाही?"

"कोण म्हणतो? आत्ताच परत दाबलंय!"

घाबरून त्याने जयवंतकाकांना गाठलं. काकांनी पूजेचा माइकच उचलला. "सर्वांनी हिरवं बटण पुन्हा दाबून खात्री करावी!"

साठ! काकांनी आवाज चढवला. बारा!

आता कुठे विनीतने बटणांचे रंग पाहिले. लायब्ररीने आपल्या मर्जीने 'येणार' निळं केलं होतं आणि 'नाव काढा' हिरवंगार!

"काका, माइक बंद करा!"

तोवर शून्य झालं होतं. लायब्ररी काढल्यावर रंग परत आले, नावं आली नाहीत. तो भीत भीत आईला म्हणाला, "पुन्हा एकदा हिरवं..."

"मेल्या, तीनदा दाबलंय!" सुभद्राबाई कडाडल्या. "आता काय पायाच्या अंगठ्याने दाबू?"

जयवंतकाकांनी कपाटातली जुनी वही काढून त्याच्या हातात दिली. चार मजले, प्रत्येक दार! अकराला दोन मिनिटं असताना विनीत धापा टाकत राधाबाईंपुढे उभा राहिला. "एकशे एक्केचाळीस!" भात चुलीवर चढला.

दुपारी पंगत बसली. विनीत पानावर टेकणार, तोच वही घेऊन उभ्या असलेल्या जयवंतकाकांनी अडवलं.

"तुझं नाव कुठाय?"

सगळ्या चाळीची नावं लिहिताना पठ्ठ्या स्वतःचंच विसरला होता! काकांनी खिशातलं पेन पुढे केलं.

"लिही. हिरवीच शाई आहे."