ट्रेलरचे नवे दिवे

“बल्ब बदलायला मेकॅनिक कशाला लागतो?” सुतार म्हणाला. हे तो इतक्या आत्मविश्वासाने म्हणाला की बायकोने हातातलं काम टाकून आधी मोबाइल चार्जिंगला लावला. न जाणो, कुणाला बोलवावं लागलं तर!

सुताराच्या गाडीला मागे एक ट्रेलर जोडलेला असे. बनवलेली कपाटं, पलंग त्यातूनच गिऱ्हाइकाकडे जात. त्याचे दिवे मात्र असे मरगळलेले की लागलेत की नाही, हे हात लावून बघावं लागे. आता गाडीचे आणि ट्रेलरचे सगळे दिवे काढून एलईडी बसवायचे, असं त्याने ठरवलं होतं. बायकोला वाटलं, हौस आली असेल. खरं कारण त्याने तिलाही सांगितलं नव्हतं.

कारण होता दादा. त्याचा थोरला भाऊ, निवृत्त बस ड्रायव्हर. वहिनी गेल्यापासून एकटाच राहायचा. बऱ्याच विनवण्यांनंतर कायमचं धाकट्याकडे राहायला यायला तयार झाला, पण एका अटीवर. “सामान तुझ्या ट्रेलरमध्ये. माझी गाडी मात्र मी चालवत आणणार, तुझ्या मागोमाग.”

ही अट घालता घालताच दादाने चहा ओतला होता. कपाच्या शेजारी. अगदी सराईतपणे! “कप सरकला वाटतं,” दादा म्हणाला. सुताराने टेबल पुसलं. अर्ध्या गावाला ज्याने सुखरूप घरी पोचवलं, त्याला ‘तुला दिसत नाही’ असं कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यापेक्षा दिवे बदलणं सोपं होतं. असे लखलखीत लावायचे की दादाला दिसलेच पाहिजेत!

गाडीचे दिवे बसले आणि इंडिकेटर अंगात आल्यासारखा फडफडायला लागला. दिवे विकणारा दुकानदार हसला. “एलईडी करंट कमी खातात. इंडिकेटरची उघडझाप करणाऱ्या तुमच्या जुन्या फ्लॅशरला वाटतंय, बल्ब उडाला. तोही बदला.” सुताराने तोही बदलला. मग ट्रेलर. नव्या दिव्यांच्या वायरींचे रंग जुन्यांशी काडीचेही जुळत नव्हते. सुताराने अंदाजाने त्या जोडल्या, बायकोला मागे उभं केलं आणि आत बसून इंडिकेटर दिला.

“लागतोय का?”

“लागतोय!”

“आता?”

“आताही लागतोय! काय झगझगीत आहे हो!”

कोणत्या बाजूचा, हे त्याने विचारलं नाही. न विचारलेलं सांगायची बायकोला गरज वाटली नाही.

निघायच्या दिवशी ट्रेलरवर दादाचं मोठं कपाट चढलं आणि त्याच्या आड सुताराची सगळी गाडी झाकून गेली. मागच्या माणसाला दिसणार ते फक्त ट्रेलरचे दिवे. “दादा, माझ्या दिव्यांवर नजर ठेव, बाकी कुठे बघू नकोस,” सुताराने बजावलं. दादाने तंतोतंत तेच केलं.

मोठ्या चौकात सुताराने उजवा इंडिकेटर दिला आणि तो उजवीकडे वळला. ट्रेलरने झोकात डावा दाखवला. दादा डावीकडे गेला.

बराच वेळ सुतार खुशीत होता. आरशात कपाटाशिवाय काही दिसत नव्हतं. बायकोनेच खिडकीतून मागे वाकून पाहिलं. “अहो, भावजी नाहीत मागे!”

सुताराने करकचून ब्रेक दाबला. बायकोने दादाला फोन लावला. रिंग वाजली... मागच्या कपाटात! मोबाइल खणात ठेवून दादाने वर कपाटाला कुलूप घातलं होतं.

दादा एकटा, रस्ता अनोळखी, त्यात ते डोळे. “मी आधीच बोलायला हवं होतं,” तो पुटपुटला आणि त्याने बायकोला सगळं सांगून टाकलं. ती रागावली नाही. “गाडी वळवा,” एवढंच म्हणाली.

चौक ओलांडून समोरच्या रस्त्याने गेल्यावर एक उघडं फाटक लागलं. आत मोठं मैदान. मैदानात दादाची गाडी, आणि गाडीशेजारी हातात शिट्टी घेतलेल्या एक परीक्षक बाई. ते लायसन्सच्या परीक्षेचं मैदान होतं! रस्ता विचारायला दादा आत शिरला होता. बाईंना तो उमेदवार वाटला. “गाडी येते का नीट?” असं त्यांनी विचारलं आणि दादाचा स्वाभिमान डिवचला गेला.

सुतार पोचला तेव्हा दादाने आठचा आकडा काढून गाडी उलटी घेऊन रेघेत उभी केली होती. उमेदवार टाळ्या वाजवत होते.

“सुंदर!” बाई म्हणाल्या. “आता समोरची पाटी वाचा.”

दादाने समोर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हळूच विचारलं, “कोणती पाटी?”

टाळ्या थांबल्या. धाकटा खिडकीशी उभा आहे, हे दादाला तेव्हा कळलं.

“तुला माहीत होतं?”

“हो.”

“म्हणून हे दिवे?”

“हो.”

“बोलायचं होतंस.”

“तू ओरडला असतास.”

“ओरडलो असतो. मग गप्प झालो असतो. घरातल्या घरात!” दादाने किल्ली काढून तळहातावर धरली. “इथे माणसांसमोर कळण्यापेक्षा ते बरं नव्हतं का रे?”

सुताराने दादाच्या खांद्यावर हात ठेवला.

बाई समजूतदार होत्या. “डोळे दाखवून या. हात उत्तम आहे तुमचा,” त्या म्हणाल्या आणि सुताराकडे वळल्या. “तुमच्या मागून येताना हे चुकले कसे? द्या बघू डावा इंडिकेटर.”

त्याने डावा दिला. ट्रेलरचा उजवा चमकला!

दादा असा खदखदून हसला की वहिनी गेल्यापासून तसं हसणं कुणी ऐकलं नव्हतं. “मला पाटी दिसत नाही, कबूल! पण बाई, ह्याला डावं-उजवं कळत नाही. ह्याला लायसन्स दिलं कोणी?”

दिवे दुरुस्त केल्याशिवाय बाई ट्रेलर हलू देईनात. सुतार खाली पडून वायरी बदलायला लागला. बायको आत इंडिकेटर द्यायला बसली, मागे दादा उभा राहिला. “डावा?” “डावा!” “उजवा?” “उजवा!” दादाला दिवे स्पष्ट दिसत होते. ट्रेलरखाली धुळीत पडल्यापडल्या सुताराचा जीव सुपाएवढा झाला. निदान एक गोष्ट तरी आपण बरोबर केली!

दादाने किल्ली आपणहून सुताराच्या बायकोच्या हातात दिली आणि तो तिच्या शेजारी बसला. यावेळी दोन्ही गाड्या एकाच दिशेला वळत घरी पोचल्या.

सुतार लगबगीने दादापाशी गेला. “कसे वाटले दिवे?”

दादा डोळे चोळत खाली उतरला. “भलतेच प्रखर आहेत रे! सगळा रस्ता डोळे घट्ट मिटून बसलो होतो. बरं झालं, मी चालवत नव्हतो!”