बापूंची बाळंतिणीची खोली

आमचे बापू इनक्युबेटरचं दार उघडायच्या आधी मोठ्यानं खाकरतात. आत असतात डुकराचे गर्भ, काचेच्या बशीत, नुसत्या डोळ्याला धड दिसणारही नाहीत इतके बारके. तरी बापू खाकरणारच. "बाळंतिणीच्या खोलीत असं एकाएकी घुसत न्हाईत," म्हणतात. मी हसलो की माझ्यावरच डोळे वटारतात.

धाराशिवच्या आमच्या प्रयोगशाळेत बापू माझे साहेब. मूळचे भूम तालुक्यातले, घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेली. केसाएवढी नळी धरली तरी त्यांचा हात तसूभर हलत नाही. आणि डोक्यात एकच खूळ: गर्भ ज्या पाण्यात वाढतात, त्यात जनावराचं काही नको! बरेच जण त्यात गाईच्या पोटातल्या वासराच्या रक्ताचा अंश घालतात. बापू त्याऐवजी कारखान्यात बनलेली पांढरी भुकटी विरघळवतात, डिंकासारखी चिकट. हे काय म्हणून विचारलं, तर म्हणतात, "डिंकाचा लाडू. बाळंतपणात लई चांगला."

"पण बापू, डुकरिणीची बीजं तर खाटकाकडूनच येतात की!" मी एकदा डिवचलंच.

"येत्यात. मेलेल्यातनं जित्तं करायचं आपलं काम. त्यापायी पोटातलं वासरू मारायचं व्हय?"

खरी गोम घरात होती. बापूंची आई माळकरी. पूर्वी आमच्याकडंही वासराचं रक्तच वापरायचे, हे बापूंनीच भोळेपणानं तिला सांगितलं, आणि त्या दिवसापासून म्हातारीनं लेकाच्या हातचं पाणी सोडलं. त्याला गरम भाकरी वाढणार, पाठीवरून हात फिरवणार. पण तहान लागली की गुडघे धरून स्वतः उठणार. बापू नुसते बघत बसायचे.

पण गर्भांना हा लाडू काही केल्या पचेना. दर खेपेला गर्भ दोन-तीन दिवसांत विरून जायचे, आणि त्या दिवशी बापूंचा डबा तसाच घरी जायचा.

परवा सकाळी मात्र बापू ओरडले, "फुगली! आरं ये, बघ, फुगली!" खाकरायचंसुद्धा विसरले होते! मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. गोल, टपोरे, टम्म फुगलेले गर्भ! फुगले म्हणजे तगले. अंगावर काटाच आला राव. आम्ही दोघं बाप्ये तिथंच नाचलो.

बापूंनी लगेच घरी फोन लावला. "आय, फुगली लेकरं!"

"रगात?"

"एक थेंब न्हाय!"

मग म्हातारी म्हणाली, "कितवा दिस?"

"पाचवा."

"मंग पाचवी नको का पुजायला? डुकराची झाली म्हणून काय सटवाईनं टाळायची व्हय? या लवकर."

संध्याकाळी आम्ही दोघं गेलो, तर पाटा-वरवंटा धुऊन, हळदीकुंकू लावून तयार! म्हातारीनं मनोभावे पूजा केली, भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "बापू, घसा वाळलाय. पाणी दे."

बापू धडपडत उठले. पण कधी तसूभर न हलणाऱ्या त्या हातातून निम्मा तांब्या तिच्या लुगड्यावरच सांडला.

म्हातारी उरलेलं पाणी घटाघटा प्याली आणि रिकामा तांब्या त्यांच्यापुढं धरला. "सांडू दे रं. आनखी आण."