सासऱ्यांच्या स्कूटरला सूर्यफुलाचं तेल

तेलातलं मला कोणी शिकवू नये. वंगण तपासायच्या प्रयोगशाळेत माझं अर्धं आयुष्य गेलंय; इंजिनाचं तेल नुसतं बोटावर घेऊन मी त्याचं वय सांगतो!

त्यामुळे सासऱ्यांनी आपली जुनी स्कूटर माझ्या हवाली केली, तेव्हा मला नवल वाटलं नाही. सख्ख्या मुलालाही ते तिच्यावर बसू देत नसत. "जावईबापू, मी येईपर्यंत सांभाळा," एवढं म्हणून ते परगावी गेले. हा विश्वास मला काहीही करून टिकवायचा होता. पण नुसती सांभाळायला मी काय वॉचमन आहे? मी इंजिनातलं तेल काढलं आणि त्याहून गुळगुळीत म्हणून स्वयंपाकघरातलं सूर्यफुलाचं तेल ओतलं.

बायको म्हणाली, "बाबांना विचारलंस?"

मी तिला समजावलं, की हेच तेल मी काठोकाठ भरलेल्या बाटलीत, घट्ट बूच लावून भट्टीत तापवलंय. त्याच्या केसालाही धक्का लागला नाही.

स्कूटर झकास पळाली. धुराला तळणाचा वास यायचा, एवढंच. सिग्नलला लोक माझ्याकडे भुकेल्या नजरेने बघत. एक कुत्रं तर मला रोज कामावर सोडायला येऊ लागलं.

सासरे परतले, त्यांना आणायला मी ऐटीत स्कूटरच नेली. त्यांना मागे बसवून येताना चढावर ती खोकली, कण्हली आणि गप्प झाली. ढकलत गॅरेजात नेली. मेकॅनिकने इंजिन उघडलं, तर आत तपकिरी डिंक! त्याचा पाना रुतला तो निघेना.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाटलीत ना हवा होती, ना लोखंड. इंजिनात दोन्ही, वर आच. तिथे खाद्यतेल आधी फुटतं, आंबतं, मग त्याचे कण एकमेकांना चिकटून गोंद होतो. हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. पगार त्याचाच मिळतो.

सासऱ्यांना सगळं सांगितलं. त्यांनी नुसता सीटवरून हात फिरवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

स्कूटर दुरुस्त झाली, किल्ली त्यांच्या खिशात परत गेली. परवा त्यांच्याकडे गेलो, तर ते बुटाचा सुटलेला तळ चिकटवत बसले होते. शेजारी बरणीत गॅरेजातून मागून आणलेला तोच डिंक.

"पक्का बसतो," ते म्हणाले. "आता तुमच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही."

मी लगेच किल्लीसाठी हात पुढे केला. त्यांनी त्यात दुसरा बूट ठेवला.