कृष्णाबाईंचा पृष्ठक्रमांक

ज्याला पृष्ठक्रमांक नाही ते ज्ञान नव्हे, हे आता सर्वमान्य आहे. पनवेलच्या आमच्या महाविद्यालयाने तर ते नियमावलीतच घातले आहे (नियम १४, उपनियम क, डावीकडे समास दीड इंच).

खारघरची ऋचा ओगले मिठागरांवर पीएच.डी. करत होती. उरणकडच्या एका गावात तिला कृष्णाबाई भेटल्या. चाळीस वर्षे मिठागरात राबलेल्या. पाण्यावर गुलाबी झाक आली की दोन दिवसांत मीठ धरते, हे त्यांनी सांगितले आणि ऋचाने प्रबंधात लिहिले. प्रबंध परत आला. शेरा होता : ‘वर्ष? प्रकाशक? पृष्ठ?’

हे कुठे छापलेले आहे का, असे ऋचाने फोन करून विचारले.

“छापायला कशाला पायजे?” कृष्णाबाई म्हणाल्या. “मी हाय ना इतं.”

हा युक्तिवाद उपनियम क मध्ये बसत नव्हता.

मार्गदर्शक डॉ. विश्वजीत शिरगावकर मोठ्या मनाचे. मुलीचे वर्ष वाया जाऊ नये म्हणून त्यांनी ते निरीक्षण स्वतःच्या नावाने एका शोधपत्रिकेत छापून आणले. (सरांनी मिठागर पाहिले होते. गाडीतून, डाव्या बाजूला.) ऋचाला आधार मिळाला : शिरगावकर, पृ. ७.

मात्र परिशिष्टात कृष्णाबाईंची मुलाखत होती, आणि वाङ्मयचौर्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने ती पकडली. बाईंचे बोलणे सरांच्या लेखाशी एकाहत्तर टक्के जुळत होते. मर्यादा दहाची. समितीने पोलिसात वगैरे न जाता सौम्य मार्ग काढला : बाईंनी यावे आणि तेच स्वतःच्या शब्दांत सांगावे.

कृष्णाबाई दोन एसट्या बदलून आल्या. ऋचाने खाली मान घालून त्यांना सरांचा लेख वाचून दाखवला.

“बराबर लिवलंय सरांनी,” त्या म्हणाल्या. “पन ते आमचे मिठागरान कवा आलते?”

ऋचाला उत्तर माहीत होते. तिने लेखाचे पान उलटले. बाईंनी मग समितीला सगळे पुन्हा, सावकाश, स्वतःच्या शब्दांत सांगितले. अठ्ठ्याहत्तर टक्के.

मुलाखत वगळण्यात आली. ऋचा डॉक्टर झाली, सर विभागप्रमुख. बाईंना प्रवासखर्चाचा अर्ज देण्यात आला, तोही तीन प्रतींत. तो त्यांनी घडी करून टेबलावरच ठेवला आणि त्या स्टँडकडे चालत गेल्या.

आपल्याला या समितीची चीड आली असेल. वाचक म्हणून ते आपल्याला शोभतेच. शिरगावकर आपल्या ध्यानात राहतील, ओगलेही. कृष्णाबाईंचे आडनाव मी सांगितलेच नाही, आणि आपणही इथवर ते विचारले नाहीत.