नऊ टिंब तीनची खूण

बार्शीच्या एका छापखान्यात एका गुरुवारी गणिताच्या पुस्तकातल्या खुणांनी आपापल्या समीकरणांचे क्रमांक तोंडाने घ्यायचं बंद केलं.

खूण म्हणजे काही अवघड नाही. गणिताच्या पुस्तकात मोठ्या समीकरणाला उजवीकडे कंसात क्रमांक असतो, आणि पुढे कुठेतरी ‘समीकरण (४.७) पाहा’ असं येतं. हा पुढचा आकडा हाताने घालत नाहीत. तिथे नुसती खूण करून ठेवायची. पानं जुळवणारं यंत्र मागे जातं, त्या समीकरणाचा क्रमांक काढून आणतं आणि खुणेच्या तोंडी देतं. एकनाथराव दुधाळ यांची निम्मी हयात अशी पुस्तकं जुळवण्यात गेली होती. त्या गुरुवारी मात्र पानोपानी एकच छापून आलं, ‘समीकरण (??) पाहा’.

एकनाथरावांनी चष्मा पुसला आणि पानाखाली टाइप केलं, ‘काय झालं?’

पडद्यावर उमटलं, ‘आम्ही त्यांचं नाव घेत नाही.’

“बरोबर आहे त्यांचं,” मालक वीरभद्रअप्पा म्हणाले. “आमची आईसुद्धा घेत नव्हती. रेशनकार्डाच्या वेळी शेजारणीनं सांगितलं वडिलांचं नाव.”

“पण अप्पा, कालपर्यंत घेत होत्या की.”

“काल कच्चं प्रूफ होतं. आता शेवटचं आहे. संसार पक्का झाला, लाज आली.”

पुस्तक कुमुद वैशंपायन बाईंचं होतं. शनिवारी कॉलेजात बाईंचा निरोप समारंभ होता. जन्मभर फळ्यावर लिहून पुसलेलं सगळं त्यांनी या एका पुस्तकात उतरवलं होतं, आणि जाताना ते मुलांच्या हाती द्यायचं होतं. प्रश्नचिन्हांचं पुस्तक कसं देणार? बाई रिक्षा करून आल्या.

“आकडे हाताने घाला, एकनाथराव. त्यात काय एवढं?”

“सकाळी घालून पाहिले, बाई. सगळ्या रुसून समासात जाऊन बसल्या.”

“मग?”

“आग्रह करावा लागेल,” एकनाथराव सावकाश म्हणाले. “नव्या सुनेला दारात अडवतात, तसं प्रत्येकीला पानाच्या दारात अडवू. उखाणा घेतल्याशिवाय आत सोडायचं नाही.”

मग तिघं पडद्यासमोर बसले आणि “नाव घ्या, नाव घ्या” सुरू झालं. शेवटी चौथ्या प्रकरणातली एक धीट खूण पुढे झाली.

‘वर्गमुळाच्या मांडवाखाली क्ष बसला खुशीत,
चार टिंब सातरावांचं नाव घेते कंसाच्या कुशीत.’

प्रश्नचिन्हं गेली आणि तिथे (४.७) उभं राहिलं. अप्पांनी टाळ्या वाजवल्या. मग काय, सगळ्यांनाच जोर चढला. एकीने दोनदा घेतलं, कारण मागच्या पानावर ऐकू गेलं नव्हतं. एकीचं यमक अडलं. आधी वैतागलेल्या बाई पुढे सरसावल्या, “अगं, ‘अनंत’ला ‘पसंत’ बसतं की!”

शुक्रवारी दुपारी चहा आला, तेव्हा नवव्या प्रकरणातली एकच खूण उरली होती.

“घे पोरी, घे,” एकनाथराव म्हणाले. “लाजायचं काय त्यात?”

‘कोणाचं घेऊ?’ पडद्यावर उमटलं.

एकनाथरावांनी पानं मागे नेली. नऊ टिंब तीन जागेवर नव्हतं. शेवटच्या दुरुस्तीत बाईंनी ते काढून टाकलं होतं. खरं तर नऊ टिंब चारने तिथे सरकायला हवं होतं, पण इतक्या लगेच बरं दिसत नाही म्हणून तो होता तिथेच थांबला होता.

“परत घाला ना, बाई.”

“ते चूक होतं, एकनाथराव.”

“चूक असलं तरी तिचं माणूस आहे.”

“माझंही होतं,” बाई म्हणाल्या. “तेही मी काढलं. पुढचं सगळं बरोबर आलं.”

अप्पा पंख्याकडे बघू लागले. मग घसा खाकरून म्हणाले, “तर मग खूणही काढून टाका. उद्या शनिवार.”

एकनाथरावांचं बोट बटणाकडे गेलं आणि तिथेच थांबलं. “तिला विचारू तरी द्या,” ते म्हणाले. त्यांनी एकेक अक्षर शोधत टाइप केलं, ‘पोरी, तुला काय हवं?’

चहावर साय धरली. मग उमटलं, ‘त्यांची जागा. उजवीकडे वारा चांगला येतो म्हणतात.’

“जागा देऊ हो,” अप्पा म्हणाले, “पण समीकरणाशिवाय क्रमांक? मुलं काय म्हणतील?”

बाईंनी पेपर तपासताना करत तसे डोळे बारीक केले. “तिथे लिहा, एकनाथराव,” त्या म्हणाल्या, “सिद्धता विद्यार्थ्यांवर सोपवली आहे.”

शनिवारी पुस्तक बाईंच्या हातात होतं. मुलांनी रांग लावून प्रती नेल्या. प्राचार्यांनी व्यासपीठावरच पानं चाळली आणि नवव्या प्रकरणाशी थांबले. तिथे एक रिकामी ओळ होती, उजवीकडे ऐसपैस (९.३) आणि खाली सिद्धतेचं ते वाक्य.

“बाई, इथे समीकरण दिसत नाही.”

“ती एकटी राहते,” बाई म्हणाल्या आणि हार घ्यायला वाकल्या.

दुसऱ्या छपाईच्या वेळी अकराव्या प्रकरणात एकनाथरावांना एक ओळ दिसली. ती बाईंनी लिहिलेली नव्हती. ‘समीकरण (९.३) पाहा. मैत्रीण आहे.’ उखाणा नाही, काही नाही, सरळ नाव घेतलं होतं.

एकनाथरावांनी ओळ दोनदा वाचली, शेवटचा पूर्णविराम जागेवर आहे ना ते पाहिलं आणि पान छपाईला सोडलं.