रंगनाथमामांचे कोरडे हात

अंबडच्या कोर्टाच्या आवारात एका कडुलिंबाखाली कायम रुमाल वाळत असायचे. लिंबाच्या खोडापासून खिडकीच्या गजापर्यंत सुतळी बांधलेली, तिच्यावर पाच-सहा पांढरे रुमाल आणि मधूनच चिमट्याला लटकलेला एखादा अर्ज. एकदा परगावच्या एका म्हाताऱ्यानं आपला पटका तिथल्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "जरा कडक इस्तरी करा. बारा वाजता तारीख हाय माझी."

खुर्चीवरचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "बाबा, इथं लॉन्ड्री न्हाई, अर्ज लिहून मिळतो. पण बसा. पटक्याला जरा हवा लागू द्या."

हे रंगनाथमामा, आमच्या कोर्टातले अर्जनवीस. गाव तीर्थपुरीकडचं. तिथली शेती भाऊ बघायचा, आणि हे अक्षराच्या जोरावर अंबडला येऊन बसलेले. मी शेजारच्या टेबलावर टाईपरायटर घेऊन बसायचो. तालुक्याला कॉम्प्युटर यायच्या आधीचे दिवस ते. मामा मला नावानं कधीच हाक मारत नसत. मी त्यांचा 'मशीनवाले'.

घाम सगळ्यांनाच येतो. पण मामांच्या तळहातांना ऐन पौषातही यायचा, आणि तो यायचा म्हणजे झिरपायचा. नुसतं बसल्याबसल्या बोटांच्या टोकांवरून थेंब पडायचे. अक्षर मोत्याचं, पण ओळ संपेपर्यंत आधीची ओळ फुटलेली. म्हणून मनगटाखाली टीपकागद, डाव्या हातात रुमाल आणि टेबलाच्या खणात पावडरचा डबा. मामांच्या अर्जांना पावडरचा वास यायचा. आतले कारकून कागद नाकाशी नेऊन सांगत, "हा रंगनाथचा."

लिहिलेला कागद ते लगेच कुणाच्या हातात देत नसत. "हवा लागू द्या," म्हणून सुतळीवर टांगत. पुढे पुढे हे औषध ते सगळ्यालाच सांगू लागले. भावाभावांची भांडणं, सुनेची तक्रार, रागाच्या भरात करायची फिर्याद. "आज लिहू नका पाटील. परवा या. जरा हवा लागू द्या." निम्मे लोक परवा यायचेच नाहीत. घरी समेट झालेला असायचा.

मामा एकदा साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभे राहिले, ते मी पाहिलं आहे. कठड्यावर ठेवलेल्या हातांखाली ओल पसरली. समोरचे वकील हर्षभरित झाले. "पहा साहेब, साक्षीदाराला घाम फुटलाय. खोटं बोलतोय."

मामा म्हणाले, "साहेब, मला जेवतानाबी फुटतो. मंग मी काय भाकरीशी खोटं बोलतो का?"

सगळं कोर्ट हसलं. मामाही हसले. बाहेर आल्यावर मात्र बराच वेळ पाठमोरे उभे राहून हात पुसत होते.

त्यांनी उपाय काही कमी केले नव्हते. तुरटीचं पाणी झालं, बाभळीच्या सालीचा काढा झाला, मुलतानी माती झाली. त्या मातीनं तर एका खरेदीखतावर असा चिखल झाला, की शेताचा नकाशाच उमटलाय असं वाटावं. मग थोरल्या मुलीचं, मंगलचं, लग्न ठरलं आणि एक दिवस मामा माझ्या टेबलाजवळ येऊन हळूच म्हणाले, "मशीनवाले, जालन्याला चमडीच्या डॉक्टरीणबाई आल्यात म्हणे. चलता का संगं?"

डॉक्टरीणबाईंनी आधी हातांना लावायचं औषध दिलं. दोन महिन्यांत त्याची काही मात्रा चालली नाही. मग त्या म्हणाल्या, "आता गोळी देऊन बघू. पण आधी मला नीट उत्तरं द्या. डोळ्यांत काचबिंदू आहे? छातीत धडधडतं? पोट साफ होतं? लघवीला अडखळतं का?"

शेवटच्या प्रश्नाला मामांनी माझ्याकडे पाहिलं. "मशीनवाले, तुम्ही जरा बाहेर हवा खाऊन या."

मी परत आलो तेव्हा बाई समजावत होत्या. "ही गोळी फक्त हातांना ओळखत नाही. सगळ्या अंगाचा घाम कमी करते. तोंड कोरडं पडेल, जवळचं थोडं अंधुक दिसेल. आणि घाम म्हणजे अंग थंड ठेवायची सोय आहे. तीच बंद पडली तर उष्णता आत कोंडते. म्हणून उन्हात हिंडायचं नाही. मी सांगितल्याशिवाय गोळी वाढवायची नाही. दुसरं कुठलंही औषध, सर्दीची साधी गोळीसुद्धा, मला विचारूनच. लघवी अडली, अंग तापलं, माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर गोळी बंद आणि तडक दवाखाना."

मामांनी हे सगळं अंबडला येऊन आपल्या भाषेत लिहून काढलं आणि माझ्याकडून टाईप करून घेतलं. "सदर गोळी सेवन करणाराने दुपारचे उन्हात फिरू नये. विसरलेली गोळी दुसरे दिवशी जोडून घेऊ नये. येणेप्रमाणे वाचून पाहिले, कबूल." खाली सही केली आणि कागद टेबलाच्या काचेखाली सरकवला.

आठ-दहा दिवसांत हात कोरडे झाले. काय ते दिवस! मामांनी आवारातल्या एकूण एक माणसाशी हस्तांदोलन केलं. बेलिफाशी केलं, शिपायाशी केलं, एकाच दाव्यातल्या वादीशी आणि प्रतिवादीशीही केलं. तोंड सुकायचं म्हणून गालात खडीसाखर असायची, त्यामुळे बोलणं बोबडं झालं होतं. जवळचं दिसेना म्हणून कागद हातभर लांब धरून लिहायचे. पण चेहरा असा उजळलेला, की मला टोकवेना.

लग्न मे महिन्यात. चार दिवस राहिले असताना आम्ही दोघं सकाळच्या एसटीनं तीर्थपुरीला गेलो. भावकीतल्या पत्रिका द्यायच्या होत्या. "अकराच्या आत उरकू, मशीनवाले, बिलकुल," असं मामा म्हणाले होते. पण प्रत्येक घरी चहा, प्रत्येक घरी चौकशी. एक वाजला तरी आम्ही रस्त्यावरच. माझा सदरा पाठीला चिकटलेला, कपाळावरून धारा. मामांचा चेहरा लालबुंद, पण सदरा कसा परीटघडीचा.

शेवटच्या घरी गोठ्याजवळ मामा थांबले. म्हशीकडे टक लावून पाहत म्हणाले, "अर्जदार, जल्दी अंगठा लावा. साहेब उठून राह्यले."

घरधनी हसला. मीही हसलो. मामांचे विनोद असेच असायचे. पण ते थांबेनात. हवेतून काहीतरी चिमटीत धरायचे, सुतळीवर टांगल्यासारखं करायचे आणि पुन्हा दुसरं धरायचे. मी दंडाला धरलं आणि चटका बसावा तसा हात मागं घेतला. अंग तव्यासारखं तापलेलं. आणि घामाचा एक थेंब नाही.

घरधनी कौतुकानं म्हणाला, "घाम न्हाई बघा जरासा! तब्येत चांगली दिसून राह्यली रंगनाथची."

मे महिन्यातली दुपार, आणि रंगनाथमामांच्या अंगावर घाम नाही. काचेखालचा कागद मीच टाईप केला होता. मी ओरडलो, "पाणी आणा! प्यायला नको, अंगावर टाकायला! आणि जीप बघा कुणाची तरी!"

कुणी कांदा आणला, कुणी चप्पल हुंगवा म्हणालं, एका आजीनं मीठ-मोहऱ्या घेतल्या. मी मामांना लिंबाखाली बाजेवर निजवलं, सदरा काढला, हापशाचं पाणी अंगावर ओतलं. ओल्या धोतरात गुंडाळलं आणि दोघांना सुपानं वारा घालायला लावलं. जीप आली. अंबडच्या दवाखान्यापर्यंत मी रस्ताभर ओलं फडकं फिरवत होतो आणि मामा मला सांगत होते, "वकील सायेब, तारीख वाढवून घ्या."

दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी मामांच्या सदऱ्याच्या खिशातलं गोळीचं पाकीट दाखवलं. त्याच खिशात दुसरंही सापडलं, सर्दीच्या गोळ्यांचं. डॉक्टरांनी बर्फ लावला, सलाईन लावलं. लघवी तुंबली होती, तीही नळी घालून मोकळी केली. "अजून तासभर रस्त्यातच राहिले असते तर अवघड होतं," एवढंच ते म्हणाले. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि हातातलं ओलं फडकं पिळून वाळत घातलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामांनी डोळे उघडून मला नीट ओळखलं. म्हणाले, "मशीनवाले, पत्रिका दिल्या का समद्या?"

मला हसू की रडू कळेना. मामी उशाशी बसल्या होत्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि मग सरळ उलटतपासणीच सुरू केली. "किती गोळ्या घेत व्हता?"

"एक."

"खरं सांगा."

"दोन. तीन दिवसांपास्नं. अन् शिंका येत व्हत्या म्हणून ती दुसरी."

"काहून?"

मामा अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "कन्यादानात पोरीचा हात हातात घ्यावा लागतो. जावयाचा हात, त्याच्यात तिचा. चार माणसं बघत असतेत. म्हणलं, त्या दिवशी तरी आपला हात कोरडा पाहिजे."

मामी म्हणाल्या, "आवो, कन्यादानात हातावर पाणीच तर सोडतेत!"

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा खदखदून हसला. नर्सबाई तोंड फिरवून हसल्या. मामांच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग लाज, आणि मग तेही इतके हसले की सलाईनची नळी हलायला लागली. गावातल्या निम्म्या लग्नांना हजर असलेला हा माणूस, पण ते पाणी त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मामी मला बाहेर सोडायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "भाऊ, मंगल लहान व्हती तवा रस्त्यानं न्यायचे तिला. मनगट धरून. तेबी बाहीवरून. हातात हात घेऊन कधी न्हाई. पोर विचारायची, बाबा माझा हात काहून धरत न्हाईत. मी म्हणायची, घट्ट धरता येतं मनगट, म्हणून."

लग्नाच्या आदल्या दिवशी मामांना घरी सोडलं, आणि डॉक्टरीणबाईंचा जालन्याहून फोनवर निरोप आला. गोळी सध्या पूर्ण बंद. पावसाळ्यानंतर भेटा, पुन्हा तपासू, द्यायची की नाही ते तेव्हा ठरवू. लग्नात सावलीत बसायचं, पाणी प्यायचं आणि येईल तेवढा घाम येऊ द्यायचा.

कन्यादानाला मामा पाटावर बसले तेव्हा हातांतून थेंब गळत होते. रुमाल मांडीखाली लपवलेला मला दिसत होता. मंगलनं वाट पाहिली नाही. स्वतःच आपला हात त्यांच्या तळव्यात ठेवला आणि बोटं मिटून घेतली. भटजींनी मंत्र सुरू केले. मामी हातात तांब्या घेऊन धार सोडू लागल्या.

"बस, ताई, एवढं पुरे," भटजी म्हणाले.

मामी थांबल्या नाहीत. ताम्हन भरलं, पाट भिजला, जावयाचं धोतर भिजलं. भटजी पोथी सावरत मागं सरकले. तांब्या पार रिकामा होईपर्यंत त्या धार धरून होत्या. मामांनी मांडीखालचा रुमाल काढलाच नाही. पाणी संपल्यावरही लेकीचा हात त्यांच्या हातात होता, आणि तो सोडा असं म्हणायला मांडवात कुणाची जीभ रेटली नाही.