एकच विमान

पाहुण्यांनी न्हावरा सोडल्याचा फोन आला, तेव्हा भारत न्हाणीघरात कडी लावून विमान उडवत होता.

"अहो, आंघोळ चाललीय का अभिषेक?" सुषमानं बाहेरून दार वाजवलं. "पाऊण तासात पाहुणं दारात येतील."

"आलोच," भारत म्हणाला आणि बाहेर ऐकू जाईल अशा बेतानं एक तांब्या पाणी फरशीवर ओतलं. स्वतः तो कोरडा ठणठणीत, पालथ्या बादलीवर बसला होता.

विमान म्हणजे मोबाइलमधलं. लाल, नखाएवढं. आपण पैसे लावायचे की ते उडतं आणि त्याच्याबरोबर एक आकडा चढत जातो. एक, सव्वा, दीड, दोन. दोनला बटण दाबलं तर पैसे दुप्पट, पाचला दाबलं तर पाचपट. मात्र विमान पळून जायच्या आत दाबायचं. ते कधी वीसवर पळतं, कधी जमीन सोडता सोडताच. ते आधी पळालं तर लावलेले पैसेही त्याच्याबरोबर जातात, आणि आपण हळहळतोय तोवर दुसरं विमान उभं असतं.

पहिल्या दिवशी भारतनं दोनशे लावून सहाशे काढले होते. त्या दिवशी त्याला वाटलं, आपण इतकी वर्षं उगाच खुरपत बसलो. त्यानंतर मात्र विमान त्याच्यासाठी कधी थांबलं नाही. शेवंती विकून प्रांजलच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेले एक लाख ऐंशी हजार आता अकरा हजार तीनशेवर आले होते. असले खेळ सरकारनं बंद केल्याची बातमी खुद्द प्रांजलनंच त्याला पेपरातून वाचून दाखवली होती. भारतनं मान डोलावली होती. लिंक मात्र येतच होती, आणि ज्यानं पहिली पाठवली त्याला आता कुठल्या तोंडानं विचारायचं?

सुषमाला यातलं काहीच माहीत नव्हतं. एकदा तिनं विचारलं होतं, "सारखं काय बघता त्यात?"

"हवामान."

"हवामानात इमानाचं चित्र कशाला?"

"वरनंच बघत्यात की हवामान."

तिला ते पटलं होतं. बावीस वर्षांच्या संसारात यापेक्षा कच्ची कारणंही तिनं पटवून घेतली होती.

तिची अट एकच होती. मुलगा काळा-गोरा कसाही असो, घर निर्व्यसनी हवं. हे शिरूरचं स्थळ आणलं होतं तिच्या चुलतभावानं, जालिंदरनं. तालुक्यातल्या तीन वधू-वर ग्रुपांचा तो ॲडमिन होता. मुलगा हृतिक शिक्रापूरला कंपनीत, प्रांजल इथंच केडगावात औषधांच्या दुकानात. दोघांचं महिनाभर फोनवर बोलणं होऊन मनं जुळली होती. आज मोठ्यांनी बसून लग्नाचा बेत ठरवायचा होता.

आणि बेताचीच तर पंचाईत होती. भारतनं मुलाच्या वडिलांना, पोपटरावांना, फोनवर ऐटीत सांगून ठेवलं होतं, "चौफुल्याचं एसी कार्यालय, हजार पान." पोपटराव तरी कशाला मागं राहतील? ते म्हणाले होते, "मग आमच्याकडनं सुनेला चार तोळं आन् घोड्यावरनं वरात." आज कार्यालयाचा ॲडव्हान्स ठरला, की सुषमा बँकेचं पुस्तक काढणार.

भारतनं न्हाणीघरात हिशेब केला. अकरा हजार तीनशे गुणिले सोळा. एक लाख ऐंशी हजार पुरे, वर आठशे नफा. एकच डाव, सोळावर बटण, आणि मग आयुष्यात कधी विमानाकडं बघायचं नाही. ते आकाशातलं असलं तरी.

पाहुणे आले. पोपटराव, त्यांच्या पत्नी सिंधूबाई, हृतिक आणि इस्त्रीच्या शर्टातले जालिंदरमामा. हातपाय धुणं झालं, रस्त्याच्या खड्ड्यांवर बोलणं झालं. प्रांजल पोहे घेऊन आली.

"नाव काय बाळ तुझं?" पोपटरावांनी मांडीकडं बघत विचारलं.

"प्रांजल."

"छान. आन् नाव काय?"

सिंधूबाईंनी नवऱ्याला कोपरानं ढोसलं. पोपटरावांच्या मांडीवर टोपी होती आणि टोपीखाली काहीतरी उजळत होतं. भारतच्या ते ध्यानात आलं नाही, कारण त्याच्या स्वतःच्या मांडीवर पोह्याची बशी होती आणि बशीआड मोबाइल. त्यानं सगळेच्या सगळे अकरा हजार तीनशे लावले. विमान सुटलं.

"तर मग," जालिंदरमामांनी खिशातून पेन काढलं, "पहिलं सांगा, माणसं किती धरायची?"

"दोन," भारत पुटपुटला.

"दोनशे? अहो दाजी, दोनशेत तर भावकीबी बसायची न्हाई."

"तीन," पोपटराव म्हणाले.

"चार," भारत म्हणाला.

मामा खूश झाले. दोन्ही बाजू आपापल्या तोंडानं आकडा वाढवतायत असं त्यांनी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. "पाच," दोघं एकदम म्हणाले. "सहा," दोघं एकदम म्हणाले. एकाचा आवाज केडगावचा, एकाचा शिरूरचा, पण ताल असा पक्का, की जणू रोज एकत्र भजनाला बसतात.

"बघा, मतं कशी जुळत्यात," मामा म्हणाले. "आठशे लिहू का?"

"नऊ."

"अहो, एवढी कशाला?" सिंधूबाई म्हणाल्या.

"थांब जरा, चाललंय ते," पोपटराव मांडीकडं बघतच म्हणाले.

"बारा," भारत म्हणाला. बोट बटणावर आलं आणि मागं गेलं. सोळा. अजून चारच.

"बाराशे? कार्यालयात हजारच बसत्यात दाजी."

"तेरा," पोपटराव म्हणाले. त्यांचा पाय आता शिवणयंत्रावर बसल्यासारखा हलत होता.

"चौदा," दोघं म्हणाले. दोघांचेही श्वास वर अडकले. आतल्या दारात चहाचा ट्रे घेऊन सुषमा उभी राहिली होती, तिचाही अडकला. का, ते तिला कळेना.

"गेलं," भारत म्हणाला.

"गेलं," त्याच क्षणी पोपटराव म्हणाले.

मामांचं पेन हवेतच थांबलं.

"काय गेलं?" सिंधूबाईंनी विचारलं.

"लाईट," भारत म्हणाला.

डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. सगळ्यांनी वर बघितलं.

"इथली न्हाई," पोपटरावांनी सावरून घेतलं. "शिरूरची. घरनं मेसेज आलाय."

"घरी कोण हाय मेसेज करायला?" सिंधूबाई म्हणाल्या. "आपण सगळी हितंच हाय की."

भारतनं मान वर केली. पोपटरावांनीही केली. हे विमान जगात सगळ्यांसाठी एकच उडतं आणि सगळ्यांचं एकाच क्षणी पळतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. एकाच डॉक्टरच्या दारात, एकाच दुखण्याचे, एकमेकांपासून तोंड लपवत आलेले दोन शेजारी बाकावर समोरासमोर यावेत, तसे ते एकमेकांकडं बघत राहिले.

सुषमा चहा देत फिरली. आधी नवऱ्याच्या मागून गेली, मग पोपटरावांच्या. दोन्ही मांड्यांवर तिला एकच लाल विमान दिसलं, शेपटीवरच्या पट्ट्यासकट. शिरूरचं आणि केडगावचं हवामान इतकं सारखं असेल, असं तिला वाटेना. तिनं कपबश्या जरा जोरात ठेवल्या.

"तर मग एसी कार्यालय आन् हजार पान," मामा म्हणाले. "ॲडव्हान्स कवा भरताय दाजी?"

भारतनं घसा खाकरला. "पोपटराव, रागावू नका. पण एवढा खर्च करायचाच कशाला?"

पोपटराव जवळजवळ उठून उभेच राहिले. "माझ्या मनातलं बोललात. पाचशे पान पुरे."

"पाचशे तरी कशाला? शंभर."

"शंभर म्हंजी घरचीच झाली. पन्नास करा. आन् एसी कशाला, तुमच्या दारात मांडव घालू."

"मांडवाला भाडं पडतं," भारत म्हणाला. "ह्या चिंचेची सावली हाय की."

"बँड?" मामांनी विचारलं.

"कान दुखत्यात."

"घोडा?"

"घोडा लाथ मारतो. आन् चार तोळ्याचं म्हणाल तर..." पोपटराव अडखळले.

"आमच्या पोरीला सोन्याची हौस न्हाई," भारत घाईनं म्हणाला. पोपटरावांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले.

आकडा आता उलटा धावत होता आणि दोघांच्याही चेहऱ्यावर लाली आली होती. टॉवेल-टोपी गेली, आहेराच्या साड्या गेल्या, जेवणातली एक-एक भाजी गेली. शेवटी पोपटराव म्हणाले, "मी म्हंतो, दौंडला जाऊन सह्याच केल्या तर?"

"रजिस्टर चालेल आम्हाला," हृतिक म्हणाला. आल्यापासून त्याचं हे पहिलंच वाक्य.

"चालेल," आतून प्रांजलचा आवाज आला. तो इतका झटपट आला, की शिक्रापूरच्या खोलीचं डिपॉझिट या दोघांनी केव्हाच ठरवलं असणार.

जालिंदरमामांचे डोळे भरून आले. त्यांनी मोबाइल काढला, दोन्ही बापांना गळ्यात गळा घालायला लावून व्हिडिओ काढला आणि 'मानपान नको, खर्च नको, दोन निर्व्यसनी घरांचा आदर्श' असं लिहून तिन्ही ग्रुपांवर टाकला.

तेवढ्यात सुषमानं सिंधूबाईंना आत बोलावलं. "ताई, तुमच्याकडं इमान कवापासनं उडतंय?"

सिंधूबाईंनी पदर तोंडाला लावला. "तुम्हालाबी दिसलं? दिवाळीपासनं. मला म्हंत्यात, शेअर बाजार हाय."

"आमचे म्हंत्यात, हवामान."

"आन् हितलं चांगलं घर बघून मी म्हणलं, आता आपली अब्रू जाती. म्हणून गप बसले."

"मीबी त्याच भ्यानं गप बसले."

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मग आधी सिंधूबाईंना हसू फुटलं आणि त्यामागोमाग सुषमाला. हसता हसता सुषमावर डोळे पुसायची वेळ आली, आणि ते पाणी सगळंच काही हसण्याचं नव्हतं.

"पोरगं मात्र तसलं न्हाई माझं," सिंधूबाई म्हणाल्या. "बापाचा मोबाइल दोनदा काढून घेतला त्यानं. यांनी दोनदा नवा आणला."

"पोरगीबी कुणाला ऐकायची न्हाई माझी," सुषमा म्हणाली. "जमलं मग."

दोघी बाहेर आल्या. सुषमानं चुलतभावाला सरळ विचारलं, "दादा, ही इमानाची लिंक ह्यांना कुणी दिली?"

भारतनं मामांकडं बघितलं. पोपटरावांनीही मामांकडंच बघितलं.

"मी नुसती पुढं ढकलली," मामा पेन खिशात घालत म्हणाले. "एका माणसामागं पाचशे बोनस हाय."

"आन् ते मिळालं?"

"दिसतंय तर हितं. साडेसहा हजार." मामांचा आवाज खाली आला. "पण काढायला गेलं, की म्हणतं अजून पाच माणसं आणा."

"आणू नका," सुषमा म्हणाली. "सह्या झाल्यावर पन्नास माणसांचं जेवण तुमच्याकडनं. स्थळ तुम्हीच जुळवलंय. सगळ्याच बाजूंनी."

मामांनी विरोध करायला तोंड उघडलं, पण सिंधूबाईंनी त्यांच्या हातात पेढा ठेवला.

पाहुणे गेले. प्रांजल त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेली. सुषमानं हात पुढं केला आणि भारतनं मुकाट्यानं मोबाइल दिला. तिनं ते विमान दाबून धरलं, काढून टाकलं, आणि मोबाइल स्वतःच्या कमरेला खोचला.

"किती?"

"सगळं. एक लाख ऐंशी."

ती सोफ्यावर बसली. त्या पैशांतली निम्मी शेवंती तिनं स्वतः तोडली होती, पहाटे, हात गारठेपर्यंत. भारत खाली फरशीवर बसला. त्याला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

"सोळाला काढणार होतो गं," तो म्हणाला. "चौदापर्यंत गेलं."

"सोळाला काढलं असतं, तर उद्या तिसाला काढायला बसला असता. मी वळखत न्हाई का तुम्हाला?" ती उठली आणि त्याची पोह्याची बशी त्याच्यापुढं सरकवली. "खा. सकाळपासनं पोटात काय न्हाई तुमच्या."

त्यानं पहिला घास घेतला आणि तिच्या कमरेचा मोबाइल वाजला. गावचे सरपंच होते. सुषमानं स्पीकर लावला.

"भारतराव, व्हिडिओ बघितला. ऊर भरून आला. मानपान नको म्हणणारा बाप आपल्या गावात निघाला. रविवारी ग्रामपंचायतीत तुमचा सत्कार ठेवलाय, शाल आन् श्रीफळ. पोरांना चार शब्द सांगा, पैसा कसा वाचवावा म्हणून."

भारतच्या घशात पोहे अडकले. तो दोन्ही हातांनी नको-नको करू लागला. सुषमानं त्याच्याकडं बघितलं, मग फोनकडं.

"येतील की," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

"सुषमे, मी कुठल्या तोंडानं जाऊ?"

"ह्याच. आन् खरं काय झालं तेच सांगायचं, लिंकसकट. पोरं ऐकतील तरी." तिनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला. "आन् शाल, नारळ तिथंच इसरून येऊ नका. एक लाख ऐंशी हजारांतलं तेवढंच माघारी येतंय."